अहिराणी गाण्यांसाठी बेस गिटारचं सॅम्पलिंग : जळगावच्या एका स्टुडिओचं प्रकरण

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला एक लहान रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, मोजके माइक आणि वर्षभर येणारी अहिराणी गाणी. हळदीची, आखाजीची, कानबाईची, आणि सगळ्यात जास्त यूट्यूबवर टाकायची नाचाची. गायक इथलेच, ढोलकी आणि संबळ वाजवणारे हाकेच्या अंतरावर, कीबोर्ड मालक स्वतः वाजवतो. घोडं अडतं ते बेस गिटारवर. खानदेशात बेस वाजवणारे मुळात थोडे. या स्टुडिओला ज्यांचा हात हवा असतो, ते भुसावळला राहतात आणि ऑर्केस्ट्रात वाजवतात. लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणतात. लग्नसराईत आप्पा हाती लागत नाहीत. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात खानदेशी वस्ती मोठी, तिथल्या सुपाऱ्या लागतात. आणि गाण्यांची मागणीही नेमकी त्याच दिवसांत असते.

मालकाने मला बोलावलं ते यासाठी. आप्पांच्या बेसचा एकेक सूर रेकॉर्ड करून त्याचं असं सॉफ्टवेअर वाद्य करायचं, की आप्पा सुरतेला असले तरी कीबोर्डवर त्यांचा बेस वाजवता येईल. रेकॉर्डिंग आप्पांसोबत बसून करायचं, पुढची काटछाट आणि जुळणी माझ्याकडे.

पहिला प्रश्न मीच विचारला. तयार व्हीएसटी बेस, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणारे सॉफ्टवेअर बेस, बाजारात ढिगाने आहेत, काही फुकट मिळतात, मग हा खटाटोप कशाला? मालकाकडे त्यातले दोन होते आणि दोन्ही चांगले होते. सूर स्वच्छ, लांब, अंगठ्यापासून नखापर्यंत सगळे प्रकार. पण गाण्यात बसवले की गाणं जड व्हायचं. ढोलकीवाले नाक मुरडायचे.

कारण शोधायला आप्पांनी पूर्वी वाजवलेल्या एका गाण्याचा बेसचा ट्रॅक एकटा ऐकला. या गाण्यांची चाल बहुतेक सहा मात्रांची, दादऱ्याच्या अंगाची असते. नाचाच्या गाण्यात मिनिटाला 110च्या आसपास ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा, म्हणजे एक मात्रा साधारण 180 मिलिसेकंदांची. आप्पा पहिल्या मात्रेवर जाड सूर टाकतात, दुसरीच्या मध्यावर तो दाबून बंद करतात, तिसरीवर बिनसुराचा नुसता 'टप्' काढतात आणि चौथीवर पुन्हा सुरात येतात. मधली रिकामी जागा ढोलकीची असते. बेस तिथे रेंगाळला की ढोलकीची धुम त्यात बुडते आणि पाय उचलायला जोर मिळत नाही. तयार व्हीएसटीमध्ये कीबोर्डवरून बोट उचललं की सूर हळूहळू विरायचा. विरण्याचा वेळ कमी केला तर 'टक' असा कापल्याचा आवाज यायचा. सूर सुरू होतो कसा यावर त्या वाद्यांत भरपूर मेहनत होती, संपतो कसा यावर फारशी नव्हती.

पुढे किती सूर घ्यायचे, कोणत्या तारेवर घ्यायचे, काय सोडून द्यायचं, ते सगळं आम्ही याच एका गोष्टीवरून ठरवलं.

आधी कागद

आप्पांचा प्रश्न साधा आणि रास्त होता. हे वाद्य झाल्यावर मला कोण बोलावणार?

हा प्रश्न टाळून सॅम्पलिंग करणं मला मान्य नाही. सूर यंत्रातून वाजत असला तरी बोट माणसाचं असतं, आणि त्या बोटाला ते वळण यायला वर्षं लागलेली असतात. आपल्याकडे प्रताधिकार कायदा 1957चा आहे आणि 2012च्या दुरुस्तीने वादकांचे, गायकांचे हक्क बरेच पक्के केले. पण सुटे सूर म्हणजे सादरीकरण की नाही, यावर काथ्याकूट करण्यापेक्षा साधा करार करणं बरं, असं तिघांचं ठरलं. रेकॉर्डिंगचे पैसे एकरकमी. वाद्य याच स्टुडिओच्या कामात वापरायचं. ज्या गाण्यात ते वाजेल त्याच्या श्रेयनामावलीत आप्पांचं नाव, आणि प्रत्येक गाण्यामागे ठरलेली रक्कम. दुसऱ्या कुणाला विकायचं किंवा द्यायचं झालं तर आप्पांची लेखी परवानगी आणि नवा करार. कागद झाला तेव्हा आप्पा मोकळेपणाने बसले. पुढे ज्या बारकाव्यांनी वाद्य उभं राहिलं ते बरेचसे त्यांनी आपणहून सांगितलेले आहेत.

विजेची घरघर

आषाढ लागला, लग्नं थांबली, आप्पा मोकळे झाले. वाद्य चार तारांचं (जाडपासून बारीकपर्यंत ई, ए, डी, जी), 34 इंच स्केलचं, म्हणजे कंप पावणारी तार तेवढी लांब. फेंडरच्या जॅझ बेसची घडण, म्हणजे दोन सिंगल कॉइल पिकअप, तारेचं कंपन विजेत बदलणारे, प्रत्येकात एकच वेटोळं. अशा पिकअपमध्ये तारेच्या कंपनाबरोबर आजूबाजूच्या विजेचा 50 हर्ट्‌झचा 'हम'ही शिरतो. दोन्ही पिकअपची वेटोळी एकमेकांच्या उलट असल्याने दोघांचे व्हॉल्यूम पूर्ण ठेवले तर हम एकमेकांना मारतो. पण आप्पांचा टोन तसा नाही. ते पुढचा पिकअप पूर्ण आणि मागचा अर्धा ठेवतात. दोन्ही पूर्ण उघडले की आवाजातला मधला भरीवपणा जातो. टोन सोडायचा नाही हे पक्कं होतं, त्यामुळे हम मुळातूनच घालवणं भाग होतं.

गाणं रेकॉर्ड करताना थोडा हम चालून जातो, कारण तो सलग असतो आणि बाकी वाद्यांखाली दडतो. सॅम्पलमध्ये चालत नाही. तिथे तो प्रत्येक सुराबरोबर सुरू होतो आणि सुराबरोबर बंद होतो, त्यामुळे कानाला लगेच सापडतो. एखादा सूर ताणून शेजारच्या पट्टीवर वापरला तर हमसुद्धा ताणला जातो, मग शेजारच्या दोन सुरांत दोन वेगवेगळे हम ऐकू येतात.

नंतर फिल्टरने काढू, असं मालक म्हणत होता. पण बेसवर तो मार्ग बंद आहे. जाड तारेचा तिसरा पडदा (मानेवरची आडवी पट्टी) म्हणजे खालचा जी, त्याची कंपनसंख्या 49 हर्ट्‌झ. त्याच्या पुढचा सूर 51.9. मोकळी ए तार 55. हम बसला आहे नेमका या सुरांच्या मधोमध. 50 हर्ट्‌झवर खाच मारली की हमबरोबर जी सुद्धा जातो, आणि अहिराणी गाणी त्या पट्टीत कमी नाहीत.

म्हणून खोली विजेपासून सोडवली. लॅपटॉप बॅटरीवर, ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बेसचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी, लॅपटॉपच्याच यूएसबीवर. स्पीकर बंद, ऐकायला हेडफोन. एलईडी ट्यूब बंद, कारण त्यांचे ड्रायव्हर वेगळीच किरकिर सोडतात. पंख्याचा रेग्युलेटर बंद. मधेच लाइट गेली की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि त्याची घरघर मेनच्या हमपेक्षा वाईट, म्हणून तोही बंद करून ठेवला. मग आप्पांना खुर्चीत बसवून बेससकट सावकाश गोल फिरवलं आणि हेडफोनमध्ये हम सगळ्यात कमी कुठे होतो ते ऐकलं. सिंगल कॉइलला दिशा असते. खिडकीकडे तिरकं बसल्यावर हम जवळपास नाहीसा झाला. तिथे जमिनीवर खडूने खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या.

खोलीला फोम लावायचा का, असं मालकाने विचारलं होतं. गरज नव्हती. बेस थेट तारेने इंटरफेसमध्ये जात होता, माइक नव्हताच. बाहेर पाऊस असो की रिक्षा, सॅम्पलमध्ये काही येत नाही. तो खर्च वाचला. इंटरफेसवर मात्र 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेलाच इनपुट घ्यावा लागतो, ज्याचा रोध दहा लाख ओमच्या घरात असतो. साध्या लाइन इनपुटला पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा पिकअप जोडला की वरचा सगळा तजेला जातो आणि नंतर कितीही ट्रेबल वाढवला तरी तो परत मिळत नाही.

तारांवरून थोडी ओढाताण झाली. मालकाला नव्या कोऱ्या तारा हव्या होत्या, आप्पांना त्यांच्या जुन्याच. मला आप्पांचं पटत होतं. ढोलकीशी जुळतो तो मुरलेल्या तारांचा आवाज, नव्या तारेची झणझण नव्हे. पण फार जुनी तार पडद्यागणिक सुरात राहत नाही. शेवटी नवा संच चढवला आणि तो आप्पांनी घरी वाजवून वाजवून मुरवला. मग बाराव्या पडद्यावरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, जुळेपर्यंत ब्रिजवरची प्रत्येक खोबण पुढेमागे केली. पंखा बंद, हवा दमट. दर काही सुरांनी आप्पा हात आणि तारा सुती फडक्याने पुसायचे. घामाने तारेचा आवाज बसतो, आणि पहिला सूर तेजदार, शेवटचा मंद असं वाद्य काय कामाचं?

किती सूर, आणि का

आप्पा बाराव्या पडद्याच्या वर क्वचित जातात. म्हणून चारही तारांवर मोकळी तार आणि बारा पडदे, म्हणजे 52 जागा घ्यायच्या ठरल्या. प्रत्येक जागेवर चार जोर : हलका, मधला, ठोस आणि नाचातला. प्रत्येक जोराचे चार वेगवेगळे प्रहार, कारण एकच सॅम्पल पुन्हा पुन्हा वाजलं की कान दुसऱ्यांदाच ओळखतो की हे यंत्र आहे. या आलटून-पालटून वाजण्याला राउंड रॉबिन म्हणतात. आप्पांनी इथे एक गोष्ट सुचवली. ते तर्जनी आणि मधलं बोट आलटून वाजवतात, दोन्ही बोटांचा आवाज किंचित वेगळा. तर चार प्रहारांतले पहिला आणि तिसरा तर्जनीचे, दुसरा आणि चौथा मधल्या बोटाचे घ्या. तसंच केलं. आता वाद्य प्रहार बदलतं त्याच क्रमाने त्यांची बोटं बदलतात.

52 गुणिले 16 म्हणजे 832 सूर. सगळे शेवटपर्यंत वाजू दिले असते तर आप्पांचा हात आणि आमचा कान दोन्ही दमले असते. शिवाय या गाण्यांत लांब सूर फार थोडे. म्हणून प्रत्येक जोराचा फक्त पहिला प्रहार बारा सेकंद वाजू दिला, बाकीचे तीन प्रहार चार सेकंदांवर थांबवले. लांब सुरासाठी वेगळी की-स्विच, म्हणजे सूर न वाजवता प्रकार बदलणारी की ठेवली, ती दाबली की फक्त लांब प्रहार वाजतो. 208 लांब आणि 624 आखूड मिळून सुमारे 83 मिनिटांचा आवाज होतो. 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, मोनो अशा हिशोबाने जवळपास 720 एमबी. स्टुडिओचा कॉम्प्युटर जुना असला तरी एवढं त्याला पेलतं. बेसला स्टिरिओ रेकॉर्ड करण्यात अर्थ नव्हता, आकार दुप्पट झाला असता, आवाजात काहीच वाढलं नसतं.

क्रम महत्त्वाचा ठरला. एक जागा घेऊन तिच्यावर चारही जोर वाजवायचे, की एक जोर धरून सगळ्या जागा फिरायच्या? आम्ही दुसरं निवडलं. हाताला एकदा एक वजन सापडलं की तो पन्नास जागा त्याच वजनाने वाजवतो. जोर सारखा बदलत राहिला तर 'मधला' कधी हलक्याकडे झुकतो, कधी ठोसाकडे. गेनचं, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारं बटण पहिल्या दिवशी लावून चिकटपट्टीने बंद केलं. नाचातला सगळ्यात जोरकस प्रहारही शून्याच्या, म्हणजे आवाज फाटतो त्या मर्यादेच्या, सहा डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवली. नंतर सूर एकसारख्या उंचीवर आणण्याचा मोह होतो, तो मी कटाक्षाने टाळला. हलक्या आणि जोरकस सुरातला खरा फरक तिथेच मरतो.

तारेवर जोरात बोट मारलं की सूर आधी किंचित चढा लागतो आणि मग खाली बसतो. ही घसरण बेसच्या आवाजाचा भाग आहे. ट्यूनिंग दुरुस्त करताना मी फक्त बसलेला सूर दोन-तीन सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आत आणला, सुरुवातीची चढण तशीच राहू दिली. ऑटोमॅटिक दुरुस्तीने ती सपाट केली की बेस कीबोर्डसारखा वाजतो.

जी तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्यांवर सूर लवकर मरत होते. अशा घडणीच्या बेसमध्ये हे बऱ्याचदा होतं, मान त्या कंपनाला स्वतःच हलते आणि तारेची ताकद खाते. त्या जागा आम्ही तशाच ठेवल्या, कारण तेच सूर डी तारेवर दहाव्या पडद्यापासून मिळतात आणि आप्पा एरवीही तिथूनच घेतात.

स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून काढलेला सूर, घेतला नाही, हार्मोनिक घेतले नाहीत, पिकने वाजवलेले सूर घेतले नाहीत. या गाण्यांत ते लागत नाहीत.

सूर संपतो कसा

आप्पा सूर दोन प्रकारे संपवतात. एक, डावं बोट पडद्यावरून सैल सोडून, तेव्हा तार बोटाला पुसटशी घासते. दोन, उजव्या हाताचं पुढचं बोट तारेवर टेकवून, तेव्हा 'टप्' असा दबका आवाज होतो. नाचाच्या ठेक्यात दुसरा प्रकार जास्त. 52 जागांचे उजव्या हाताचे शेवट आणि मोकळ्या तारा वगळून 48 जागांचे डाव्या हाताचे शेवट, असे शंभर शेवट वेगळे घेतले. मोकळ्या तारेवर डावं बोट उचलायला जागाच नसते, म्हणून तिला दुसराच शेवट.

त्यावरून तारांची निवडही ठरली. खालचा ए मोकळ्या तारेवर मिळतो आणि ई तारेच्या पाचव्या पडद्यावरही. कीबोर्डवर ए दाबला की आम्ही पाचवा पडदा वाजवतो. तो आवाज जाड आहे, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे तो बोटाने हवा तेव्हा बंद होतो. खालच्या ई सुराला मोकळ्या तारेशिवाय पर्याय नाही. बाकी सगळीकडे दाबलेला सूर आधी. वेगळी तार हवी असेल त्याच्यासाठी की-स्विच आहेतच.

जुळणी एसएफझेडमध्ये केली. हा साध्या मजकुराचा फॉरमॅट आहे. कोणतं सॅम्पल कोणत्या कीवर, किती जोरापासून किती जोरापर्यंत, हे नोटपॅडमध्ये ओळीने लिहिता येतं, आणि वाजवायला फुकटचा प्लेअर मिळतो. मालक स्वतः उघडून आकडे बदलू शकतो, म्हणून मी हाच धरला.

पहिली जुळणी मुद्दाम शेवटांशिवाय केली, नुसते सूर. जुन्या गाण्यातला आप्पांचा ट्रॅक बंद करून त्याजागी हे वाद्य त्याच सुरांनी वाजवलं आणि ढोलकीवाल्यांना काही न सांगता ऐकवलं. त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "सूर बराबर शे भाऊ, पन हात नही."

मग शेवट जोडले, आणि इथे खरं काम निघालं. कीवरून बोट उचललं की मूळ सूर विरतो आणि त्याच क्षणी शेवटाचं सॅम्पल वाजतं. अडचण अशी की शेवटाच्या सॅम्पलमध्येही थोडा सूर शिल्लक असतो, आणि त्याच्या लाटा मूळ सुराच्या लाटांशी जुळतीलच असं नाही. खालच्या सुरांत त्या एकमेकींना खातात आणि नेमकं संपताना बेस पोकळ होतो. उपाय म्हणून शेवटाच्या सगळ्या सॅम्पलमधून 150 हर्ट्‌झच्या खालचं काढून टाकलं. उरला फक्त बोटाचा टप् आणि घास, सुराचं वजन मूळ सॅम्पलकडेच राहिलं.

दुसरी अडचण त्या 'टक'ची, जी तयार व्हीएसटीमध्येही होती. खालचा ई 41.2 हर्ट्‌झचा. त्याची एक लाट पूर्ण व्हायलाच सुमारे 24 मिलिसेकंद लागतात. त्याहून कमी वेळात सूर बंद केला तर लाट मध्येच तुटते आणि तुटल्याचा आवाज येतो. म्हणून विरण्याचा वेळ सुरानुसार बदलता ठेवला : खाली 50 मिलिसेकंद, वर जाता जाता 25पर्यंत. 180 मिलिसेकंदांच्या मात्रेत 50 मिलिसेकंद म्हणजे कमी नाहीत. पण त्यावर शेवटाचा टप् बसला की कान सूर तिथेच थांबला असं मानतो.

तिसरं, लांब वाजून मंद झालेल्या सुराचा शेवटही मंद हवा. नाहीतर विझत आलेल्या सुरावर एकदम मोठा टप् ऐकू येतो. एसएफझेडमध्ये यासाठी सोय आहे : सूर जितके सेकंद वाजला त्या प्रमाणात, दर सेकंदाला ठरवून दिलेल्या डेसिबलने शेवटाचा आवाज उतरत जातो. ती वापरली.

एका तारेवर एका वेळी एकच सूर, हेही बांधून दिलं. त्याच तारेवर नवा सूर आला की जुना लगेच बंद. आणि बिनसुराचा तो 'टप्', तिसऱ्या मात्रेवरचा, त्यासाठी कीबोर्डवर खालच्या ई सुराच्या लगत खाली असलेल्या चार की दिल्या, चार तारांना चार. तिथे प्रत्येक तारेचे आठ प्रहार घेतले, कारण हा आवाज गाण्यात सुरांपेक्षा जास्त वेळा येतो आणि त्याची पुनरावृत्ती कानाला फार लवकर टोचते.

मोबाइल आणि डीजे

ही गाणी ऐकली जातात दोन टोकांना. एक मोबाइलचा स्पीकर, दुसरं लग्नातल्या डीजेचे सबवूफर. मोबाइलच्या स्पीकरमधून 41 हर्ट्‌झ बाहेर पडतच नाही. तरी आपल्याला बेस ऐकू येतो तो वरच्या दुपटी-तिपटींमुळे, 82, 124 आणि त्यावरचे. कान त्यावरून खालचा सूर मनाने भरून काढतो. हलक्या प्रहारात या दुपटी कमी असतात, त्यामुळे मोबाइलवर हलका बेस गायबच होतो. म्हणून जोराच्या चार पातळ्या समान वाटल्या नाहीत. मिडीचा, म्हणजे कीबोर्ड कॉम्प्युटरला पाठवतो त्या संदेशांतला जोर 1 ते 127 असतो. त्यात हलक्या आणि मधल्या प्रहाराला थोडीच जागा दिली, आणि तिसरा ठोस प्रहार लवकरच सुरू केला. स्टुडिओचा कीबोर्ड साधा आहे, तो मधले आकडे नीट पाठवत नाही, त्यालाही हे मानवलं. नाचातला प्रहार 112च्या वर.

डीजेच्या बाजूला उलट प्रश्न. तिथे खालचा भाग इतका फुगतो की सुराची लांबी थोडी जरी वाढली तरी सगळं एकजीव होऊन जातं. ओळखीच्या एका डीजेवाल्याच्या गोदामात सबवूफर लावून दोन्ही जुळण्या ऐकल्या. शेवट नसलेली जुळणी तिथे सरळसरळ गढूळ वाजली. शेवट जोडलेलीत ढोलकी मोकळी ऐकू येत होती. हेडफोनवर दोन्हींतला फरक बारीक वाटतो. पटांगणात तो नाचणाऱ्याच्या पायाला कळतो.

काय साधलं, काय नाही

नाचाच्या गाण्यांत वाद्य चाललं. जुन्या गाण्यात आप्पांचा मूळ ट्रॅक आणि हे वाद्य आलटून लावल्यावर ढोलकीवाल्यांना कडव्यांत फरक सांगता आला नाही. धृपदाकडे वळताना मात्र त्यांनी लगेच पकडलं. तिथे आप्पा एका सुरावरून दुसऱ्यावर बोट घसरवत नेतात, आणि ती घसरण दर वेळी वेगळी असते. पिच बेंडच्या, म्हणजे कीबोर्डवर सूर वरखाली ओढणाऱ्या चाकाने ती आणून पाहिली, पण त्यात पडद्यांवरून जाताना तार खरखरते तो आवाज नाही.

कानबाईच्या गाण्यांना हे वाद्य वापरायचं नाही, असं मी मालकाला स्पष्ट सांगितलं आहे. ती चाल संथ, बेस गाणाऱ्या बायकांच्या आवाजामागे ओढत नेणारा, सूर एकातून दुसऱ्यात मिसळणारे. आमच्या 832 सुरांत सगळे तुटक वाजण्यासाठी घेतलेले. त्या गाण्यांना आप्पांनाच बोलवावं लागेल, आणि श्रावणात ते मोकळेही असतात.

गाण्यामागची रक्कम ठरल्याप्रमाणे जाते. मालक वहीत गाण्याचं नाव आणि तारीख लिहितो, आप्पा भुसावळहून आले की वही बघून सही करतात.

आता दोन कामं बाकी आहेत. पहिलं म्हणजे घसरणी. ई आणि ए तारांवर एक, दोन आणि पाच पडद्यांच्या, चढत्या आणि उतरत्या, दोन वेगांच्या घ्यायच्या आहेत. त्या चालीच्या वेगाशी बांधाव्या लागतील, म्हणून आधी कोणत्या वेगाची गाणी जास्त येतात ते वहीवरून काढणं चालू आहे. दुसरी मागणी डीजेवाल्यांची, त्यांना ई सुराच्या खाली जायचं आहे. पाच तारांच्या बेसची खालची बी 30.9 हर्ट्‌झची असते, तिची एक लाट 32 मिलिसेकंदांची. तिथे विरण्याचा वेळ 50 पुरणार नाही, 65च्या आसपास न्यावा लागेल, आणि मग 180च्या मात्रेत टप् पुरेसा पुढे येतो का हे ऐकूनच ठरेल. आप्पांकडे पाच तारांचा बेस नाही. ऑर्केस्ट्रातल्या एकाचा आहे, तो लग्नसराई संपल्यावर मिळेल.